अर्धी राहिलेली पदवी आणि फीचा प्रश्न

पत्र, थोडक्यात: "मी ३८ वर्षांची आहे. वाणिज्य शाखेची दोन वर्षं पास झाले, मग घरच्या अडचणीमुळे कॉलेज सुटलं. चौदा वर्षांपासून एका कंपनीच्या हिशेब विभागात आहे. मी ज्यांना काम शिकवलं ती मुलं माझ्या वरच्या जागेवर गेली, कारण त्या जागेला पदवी लागते. एक खासगी संस्था शनिवार-रविवारच्या वर्गांतून तीन वर्षांत पदवी देते. फी माझ्या सात महिन्यांच्या पगाराएवढी आहे. ते छत्तीस हप्ते करून देतात, व्याज फक्त ८ टक्के, पण प्रवेश या महिन्याअखेर घ्यायला हवा म्हणतात. निवृत्तीच्या निधीतूनही पैसे काढता येतील. चार वर्षांनी मुलगी कॉलेजात जाईल. नवरा नाही म्हणत नाही, 'आता तिचं बघायचं की तुझं?' एवढंच विचारतो. मी शिकावं का? आणि पैसे कुठून आणू?"

ताई,

शिका. हे आधीच सांगते, कारण तुमच्या पत्रात तो प्रश्न अगदी शेवटी आणि चाचरत आला आहे. पण या महिन्याअखेर नको, त्या ८ टक्क्यांच्या हप्त्यांवर नको, आणि निवृत्तीच्या निधीला हात लावून तर अजिबात नको.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची पत्रं मला नेहमी येतात. दीड-दोन वर्षं फी भरून मग थांबलेल्यांची पत्रं वाचताना फार वाईट वाटतं. घरात कुणी आजारी पडलं, कामाच्या वेळा बदलल्या, हप्ता जड झाला आणि अभ्यास सुटला. फी गेलेली, हप्ते चालूच, आणि ज्या पदवीच्या जोरावर ते फेडायचे होते ती हातात नाही. त्यामुळे व्याजदराच्याही आधी मी एकच गोष्ट बघते: हा अभ्यासक्रम तुमच्याकडून पुरा होईल अशा चालीने आखलेला आहे का? वर्षभर जास्त लागलं तरी चालेल. मध्येच तुटता कामा नये. पुढे जे जे लिहिते आहे ते सगळं त्यासाठीच.

पहिलं काम असं आहे की ज्याने फीच कमी होऊ शकते. तुम्ही दोन वर्षं पास झाला आहात. ती दोन वर्षं कुठे गेलेली नाहीत. जुन्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून गुणपत्रिकांच्या प्रती आणि त्या वर्षांचा अभ्यासक्रम, म्हणजे कोणत्या विषयात काय काय शिकवलं त्याचा छापील तपशील, मागवून घ्या. नवी संस्था जुने विषय आपल्या विषयांशी ताडून पाहते आणि जुळतील तेवढ्यांची सूट देते. यालाच श्रेयांक हस्तांतरण म्हणतात; श्रेयांक म्हणजे पास झालेल्या विषयाचं मोजमाप, क्रेडिट. नुसत्या गुणपत्रिकेवर हे होत नाही, म्हणून अभ्यासक्रमाचा तपशील हवाच. काही विद्यापीठं ठरावीक वर्षांपूर्वीचे श्रेयांक धरत नाहीत, काही अर्धे धरतात, काही सगळे. काही ठिकाणी कामाच्या अनुभवाचीही तपासणी होऊन एखाद-दुसऱ्या विषयातून सवलत मिळते, आणि चौदा वर्षं हिशेब सांभाळलेल्या बाईने हे विचारायला संकोचू नये. उत्तर मात्र लेखी घ्या, आणि प्रवेशशुल्क भरायच्या आधी घ्या. पैसे भरल्यावर मिळणारी तोंडी आश्वासनं फार पातळ असतात.

त्या संस्थेने तुम्हाला सरळ तीन वर्षं सांगितली. तुमची दोन वर्षं झालेली आहेत हे त्यांनी विचारलं तरी का? विचारलं नसेल तर मला ते खटकतं. दुसरीकडे जुने विषय मान्य झाले तर तुम्हाला कदाचित एक किंवा दीड वर्षाचीच फी भरावी लागेल. कुठल्याही कर्जाच्या व्याजात याच्याएवढी बचत होणार नाही. ही कागदपत्रं यायला काही आठवडे जातात, आणि महिनाअखेरीच्या घाईला माझा विरोध आहे तो मुख्यतः यासाठी.

ती कागदपत्रं येईपर्यंत ऑफिसात एक चौकशी करा. वरच्या जागेसाठी पदवी लागते हे तुम्हाला कुणी सांगितलं, की नियमात लिहिलेलं आहे? मनुष्यबळ विभागाला ईमेल करा: कोणत्याही शाखेची पदवी चालते का, दूरशिक्षणाची चालते का, संस्थेला कोणती मान्यता असावी लागते, आणि पदवी पूर्ण होत असताना अर्ज करता येतो का. पदवीऐवजी लेखापालनातलं एखादं व्यावसायिक प्रमाणपत्र चालत असेल, तर ते कितीतरी कमी पैशांत होऊ शकतं. संस्थेची मान्यता तिच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका. मान्यता देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या स्वतःच्या यादीत संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचं, दोन्हींचं नाव शोधा. संस्था मान्य आणि अभ्यासक्रम अमान्य, असंही असतं.

आता त्या ८ टक्क्यांकडे येते. इथे जरा थांबते, कारण या आकड्याने भलीभली हिशेबी माणसं फसतात.

कर्जाची रक्कम १०० धरा. दरवर्षी सरसकट ८ टक्के, म्हणजे तीन वर्षांचे २४. एकूण १२४, छत्तीस हप्ते, दर हप्ता सुमारे ३.४४. वरवर सरळ दिसतं. पण दीड वर्षानंतर तुम्ही निम्मं मुद्दल परत केलेलं असतं, तरी व्याज पूर्ण १०० वरच लावलेलं असतं. शेवटच्या महिन्यात तर जेमतेम तीन-चार देणं उरलेलं असतानाही तेच. बँकेच्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर व्याज लावून, हाच हप्ता बसवला तर दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास निघतो. म्हणून कुणीही टक्का सांगितला की एकच विचारा: सरसकट दर की घटत्या शिलकीवरचा? आणि शंका असेल तर टक्का सोडून द्या. एकूण किती भरायचं आणि किती महिन्यांत, एवढेच दोन आकडे घेऊन दोन पर्याय शेजारीशेजारी ठेवा. तुम्हाला हे गणित माझ्यापेक्षा सफाईने येईल.

तुमच्याच आकड्यांत सांगायचं तर, सात महिन्यांच्या पगाराएवढी फी या पद्धतीने जवळपास पावणेनऊ पगारांएवढी होते. छत्तीस महिन्यांत विभागली तर दर महिन्याच्या पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा, सलग तीन वर्षं. त्यावर परीक्षा शुल्क, पुस्तकं, येणं-जाणं, परीक्षेच्या दिवसांची बिनपगारी रजा, एखादा विषय राहिला तर पुन्हा भरायचं शुल्क. पत्रात तुम्ही फक्त वर्गांची फी लिहिली आहे, बाकी खर्चाचा आकडा विचारून घ्या आणि फी दरवर्षी वाढते का हेही विचारा.

अशा हप्त्यांत आणखी एक गोम असते. पुष्कळदा कर्ज संस्थेचं नसतं, तिसऱ्याच वित्त कंपनीचं असतं. पूर्ण फी पहिल्याच दिवशी संस्थेकडे जमा होते आणि तुमचा करार उरतो त्या कंपनीशी. सहा महिन्यांत वर्ग आवडले नाहीत, प्राध्यापक आलेच नाहीत, तुमची बदली झाली, काहीही झालं तरी हप्ता थांबत नाही. बिनव्याजी हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क असतं, किंवा रोख भरणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला नाकारलेली असते. मला ही पद्धत मनापासून नापसंत आहे, कारण शिक्षण पुरं होण्यात ज्याचा काही फायदा-तोटा नाही त्याच्या हातात आधीच सगळे पैसे पडतात. सत्राच्या सत्राला फी घेणारी संस्था शोधा. तिथे एखादं सत्र वगळायची वेळ आली तर वगळता येतं, आणि तुमच्या वयात ही मुभा फार मोलाची आहे.

निवृत्तीच्या निधीबद्दल मी कठोर आहे. तुम्ही आज ३८ च्या आहात. त्यातून काढलेले १०० साठाव्या वर्षापर्यंत तिथेच राहिले असते आणि वर्षाला ८ टक्क्यांनी वाढले असते, तर ते ५४० च्या वर गेले असते. शिक्षणासाठी कर्ज मिळतं, शिष्यवृत्ती मिळते, मालक मदत करतो. म्हातारपणाच्या खर्चाला कुणी कर्ज देत नाही, आणि तेव्हा हा भार तुमच्या मुलीवर पडेल. तिच्यासाठी बचत करायची म्हणत असाल तर तुमचा निधी शाबूत ठेवणं हीसुद्धा तिच्यासाठीचीच बचत आहे.

मग पैसे कुठून? सगळ्यांत आधी तुमच्या कंपनीकडून. तुम्ही पत्रात याचा उल्लेखही केलेला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. वर्षानुवर्षं निमूट काम केलेल्या माणसाला मागायची सवय राहत नाही. पण बऱ्याच कंपन्यांत शिक्षणाची फी पूर्ण किंवा अंशतः परत देण्याची तरतूद असते आणि ती कुणी वापरत नाही. विचारा. तशी तरतूद नसेल तरी हात हलवत परत येऊ नका. पगारातून वळती होणारी बिनव्याजी आगाऊ रक्कम, परीक्षेच्या दिवसांची भरपगारी रजा, आठवड्यातून एक दिवस तासभर लवकर निघायची सवलत, यांपैकी काहीही मिळालं तरी ते पैशांएवढंच आहे. अर्ज एका पानाचा करा. मी इतकी वर्षं काय काम करते, कोणत्या जागेचं काम मला आधीच येतं, पदवी कधी पुरी होईल, आणि मला नेमकं काय हवं आहे. कृपा मागतो आहोत असा सूर नको. बाहेरून नवा माणूस आणून त्याला शिकवण्यापेक्षा तुम्हाला वर घेणं त्यांना स्वस्त पडतं.

कंपनीने फी दिली तर बहुधा करार करून घेतील: पास झालात तरच पैसे परत, आणि त्यानंतर अमुक वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडलीत तर रक्कम फेडायची. यात वावगं काही नाही, पण कराराची मुदत कधीपासून मोजतात ते नीट वाचा. प्रत्येक सत्राच्या फीपासून नव्याने मोजत असतील तर एका वर्षाची अट तीन-चार वर्षांपर्यंत लांबते. आणि कंपनीनेच कामावरून कमी केलं तर फेड माफ आहे का, हे वाक्य करारात नसेल तर घालायला सांगा.

शिष्यवृत्त्यांबद्दल फार लिहीत नाही. त्या फक्त अठराव्या वर्षाच्या मुलांसाठी असतात हा समज चुकीचा आहे, एवढं लक्षात ठेवा. विद्यापीठांच्या, व्यावसायिक संघटनांच्या, विश्वस्त संस्थांच्या कित्येक योजनांना वयाची अट नसते, आणि शिक्षण सुटलेल्या बायकांसाठी काही वेगळ्याही असतात. रकमा लहान असतात, पण एका सत्राची पुस्तकं आणि परीक्षा शुल्क निघालं तरी खूप झालं. शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

एवढं करूनही थोडं कर्ज लागलंच तर ते घ्यायला हरकत नाही. शैक्षणिक कर्जांत पुष्कळदा शिक्षण संपेपर्यंत हप्ता नसतो आणि लोकांना वाटतं तेवढा काळ फुकट आहे. तसं नसतं. १० टक्क्यांनी १०० घेतले आणि तीन वर्षं काहीच भरलं नाही, तर व्याजाचेच ३० साचतात, आणि फेडीची सुरुवात १३० पासून होते. पुढे पाच वर्षांत फेडलंत तर एकूण साधारण १६६ जातात. तुम्ही कमावत्या आहात, म्हणून शिकत असताना निदान व्याज तरी महिन्याच्या महिन्याला भरत जा. आणि सगळी रक्कम एकदम उचलू नका, सत्रागणिक लागेल तेवढीच उचला.

पैशांइतकेच तास मोजायला हवेत, किंबहुना जास्त. युरोपातल्या विद्यापीठांच्या सामायिक पद्धतीत एका पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि त्यासाठी वर्ग, वाचन, परीक्षा मिळून १५०० ते १८०० तास धरलेले असतात. इतरत्र आकडे थोडेफार वेगळे, पण अंदाज याच घरातला. निम्म्या चालीने शिकायचं म्हटलं तरी आठवड्याला १४ ते १७ तास होतात. तृतीयांश चालीने दहा-अकरा. तुमच्या आठवड्यात हे तास नेमके कुठे आहेत ते कागदावर लिहा, "काढीन कसेतरी" असं नको. दोन दिवसांचे वर्ग बारा तास खात असतील तर घरी वाचायचं कधी? मला वाटतं, तुम्हाला मुक्त विद्यापीठ जास्त मानवेल. ब्रिटनमधलं मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये आणि भारतातलं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये उभं राहिलं, ते तुमच्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच. तिथे सत्राला किती विषय घ्यायचे यात बऱ्यापैकी मोकळीक असते आणि फीही साधारणपणे हलकी असते.

फी भरण्याआधी स्वतःची चाचणी घ्या. इंटरनेटवर मोठमोठ्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम २०१२ च्या सुमारापासून मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत, आणि त्यांतले कित्येक प्रमाणपत्राची गरज नसेल तर फुकट ऐकता येतात. लेखापालन किंवा संख्याशास्त्राचा एखादा निवडा आणि दोन महिने ठरलेल्या तासांना बसा. जमलं तर पुढच्या सत्राला निर्धास्तपणे प्रवेश घ्या. नाही जमलं तर काहीच गमावलेलं नाही, फक्त चाल आणखी कमी धरायची.

वयाची धास्ती मनातून काढा. अमेरिकेत १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांची फी सरकारने भरली, तेव्हा ही बायकामुलं असलेली मोठी माणसं कॉलेजात काय टिकणार, अशी भीती नामांकित शिक्षणतज्ज्ञांनी बोलून दाखवली होती. सुमारे २२ लाख सैनिक कॉलेजांत गेले आणि त्यांनी सोबतच्या तरुण मुलांच्या बरोबरीने, पुष्कळदा त्यांच्याहून सरस, यश मिळवलं. फीचा घोर मिटलेला होता आणि आपण का शिकतोय हे त्यांना माहीत होतं. नेल्सन मंडेला यांनी १९५२ मध्ये कायद्याची पदवी अर्धी ठेवून विद्यापीठ सोडलं, तुरुंगातून लंडन विद्यापीठाची पदवी करायला घेतली तीही पुरी झाली नाही, आणि अखेर १९८९ मध्ये, सत्तरी गाठल्यावर, पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्या दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांनी तुरुंगात असतानाच मिळवली. तुमच्या नोकरीची तर अजून बावीसेक वर्षं आहेत. पगारवाढ दोन वर्षांनी सुरू झाली तरी ती वीस वर्षं मिळत राहील.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. तो प्रश्न रागाने विचारलेला मला वाटत नाही, काळजीतून आलेला वाटतो. त्याला शब्दांनी उत्तर देऊ नका, एक कागद दाखवा. त्यावर तीन रकाने: वर्ष, माझ्या शिक्षणाचा खर्च, मुलीसाठीची बचत. चार वर्षं हाताशी आहेत. जुने विषय मान्य झाले आणि दोन वर्षांत पदवी हातात आली, तर तिचं कॉलेज सुरू व्हायच्या आधी दोन वर्षं तुमच्या वाढीव पगाराची मिळतात. तिसऱ्या रकान्यात दर महिन्याला काहीतरी पडलंच पाहिजे, थोडं का होईना. आणि अडीअडचणीसाठी तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का तेही बघा. नसेल तर आधी तो साठवा, मग पहिली फी. त्यापायी एक सत्र उशिरा सुरू झालं तरी चालेल.

घरकामाचंही त्याच बैठकीत बोलून घ्या. पैशांची मंजुरी मिळते आणि तासांची मिळत नाही, हे फार घरांत होतं. तुम्ही अभ्यासाला बसाल त्या दोन संध्याकाळी घरचं कोण बघणार, परीक्षेच्या आठवड्यात काय, मुलीला काय सोपवायचं, हे नावानिशी ठरू द्या. तुमची मुलगी आता इतकी मोठी आहे की तिला यात घेता येईल, आणि फी कशी उभी राहते हे तिलाही कळलेलं बरं. चार वर्षांनी तिच्यासमोरही असाच कुणीतरी बसेल आणि आजच सही करा म्हणेल.

त्या संस्थेतून या आठवड्यात पुन्हा फोन येईलच. त्यांना सांगा की पुढील गोष्टी ईमेलने लेखी द्या: सत्रागणिक फी घेता का, माझ्या जुन्या दोन वर्षांतले किती विषय मान्य कराल, प्रवेश रद्द केला तर कोणत्या तारखेपर्यंत किती परत मिळेल, आणि कर्ज कुणाच्या नावावर असेल. ईमेल आलं तर ते इतर ठिकाणच्या उत्तरांशेजारी ठेवून तोलता येईल. "आधी जागा पक्की करा, मग बघू" असं उत्तर आलं तर तिथे प्रवेश घेऊ नका. पदवी देणाऱ्या जागा पुष्कळ आहेत, आणि पुढचं सत्र सहा महिन्यांत पुन्हा उघडतं.